ॲलर्जी निघाली, आता खायचं काय? मुंबईकरांसाठी पहिल्यापासून

अंगावर गांधी उठल्या की मुंबईतल्या बहुतेक मराठी घरांत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. आमसुलाचं पाणी अंगाला लावलं जातं, खालच्या केमिस्टकडून सेट्रिझिनची गोळी येते आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस जाहीर करतं, की आजपासून वांगं बंद, अंडं बंद, कोळंबी बंद आणि आंबट तर अजिबात नाही. आमसुलाच्या पाण्याने गार वाटतं, त्यात वाईट काही नाही. सेट्रिझिनचंही ठीक आहे. घोळ होतो तो तिसऱ्या गोष्टीने. एकदा बंद झालेला पदार्थ सहसा पुन्हा सुरू होत नाही, दर खेपेला यादीत भर पडते आणि खरं कारण बरेचदा यादीबाहेरच राहतं.

माझं मत स्पष्ट आहे. पथ्याची यादी जितकी छोटी तितकी बरी, पण जे त्या यादीत आहे ते काटेकोर पाळायचं. 'सगळंच थोडं थोडं टाळूया' हा मधला मार्ग इथे चालत नाही. ज्यांना नुकतंच कळलंय किंवा नुकताच संशय आलाय, त्यांनी पहिल्यापासून काय करायचं ते क्रमाने सांगते.

त्याआधी एक सूचना. आत्ता, वाचताना, कुणाचा घसा आवळल्यासारखा वाटत असेल, आवाज बसला असेल, दम लागत असेल किंवा चक्कर येऊन माणूस पांढरा पडत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. इंजेक्शन लिहून दिलेलं असेल तर आधी ते द्या. त्याबद्दल सविस्तर पुढे आहेच.

पहिली पायरी : ही ॲलर्जीच आहे ना?

अन्नातल्या एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाच्या अँटीबॉडी तयार करतं. या अँटीबॉडी मास्ट पेशींना चिकटून राहतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन पोटात गेलं की त्या पेशी हिस्टामिन आणि आणखी काही रसायनं सोडतात. मग खाज, गांधी, ओठ-डोळ्यांना सूज, शिंका, उलट्या, दम, यांतलं काहीही होऊ शकतं. अशा ॲलर्जीच्या दोन खुणा लक्षात ठेवा. एक, ती लवकर दिसते. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत. आणि दुसरी, तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की ती बहुधा पुन्हा येते, अगदी थोडा खाल्ला तरी.

आता जे ॲलर्जीसारखं दिसतं पण नसतं, ते बघू. आपल्याकडे याचीच गर्दी जास्त.

अळूच्या फदफद्याने किंवा सुरणाच्या भाजीने घसा खवखवला तर ती ॲलर्जी नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते कुणाच्याही घशाला टोचतात. चिंच-आमसूल घालून नीट शिजवायची पद्धत त्यासाठीच आहे.

दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात, पण अंगावर काही उठत नाही. हे बहुधा लॅक्टोज न पचणं. त्रासदायक, पण जिवावरचं नाही. अशा माणसाला ताक-दही बरेचदा चालतं. दुधाची खरी ॲलर्जी असलेल्याला यांतलं काहीच चालत नाही.

बांगड्याची गंमत वेगळीच आहे. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाविना राहिले तर त्यांच्यातच जिवाणू हिस्टामिन तयार करतात आणि ते शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगाला खाज. हुबेहूब ॲलर्जी वाटते. पण ताटावरच्या आणखी कुणाला तसंच झालं का, हे विचारा. दोघातिघांना झालं असेल तर दोष माशाच्या ताजेपणाचा. अशा एका प्रसंगावरून जन्मभर मासे सोडलेली माणसं मला माहीत आहेत, आणि मासेखाऊ घरात ही शिक्षा लहान नाही.

मे महिन्यात हापूस चोखून ओठांच्या कडेला फोड येतात ते देठाच्या चिकामुळे. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, तेव्हा नवल नाही. ही ॲलर्जीच आहे, पण वेगळ्या जातीची. ती त्वचेपुरती असते आणि एक-दोन दिवसांनी उमटते. आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून, साल काढून फोडी खाल्ल्या तर बहुतेकांना काही होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सहा आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज गांधी उठत असतील, तर त्याचं कारण बहुतेक वेळा जेवणात नसतंच. त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात आणि त्याचे उपचार औषधांचे आहेत, वांगं सोडण्याचे नाहीत. पथ्याने हैराण झालेल्यांत या मंडळींची संख्या मोठी असते.

दुसरी पायरी : वही

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन-तीन आठवडे नोंद ठेवा. मोबाइलवर ठेवली तरी चालेल, पण त्याच वेळी लिहा. नोंद अशी हवी :

'रविवार. दु. १.३० : सोड्याची खिचडी, कढी, पोह्याचा पापड. १.५० : ओठांना खाज. २.१० : मानेवर, पोटावर गांधी, फोटो काढला. २.१५ : सेट्रिझिन १०. ४.३० : उतरलं. सकाळी पाठदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतली होती.'

डॉक्टरला यात दोन गोष्टी लगेच दिसतात. सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. आणि वेदनाशामक गोळी. काही जणांना कोळंबी एरवी निभावते, पण सोबत अशी गोळी, व्यायाम, दारू किंवा ताप असला की तीच उसळते. 'कधी होतं, कधी नाही' या तक्रारीमागे बरेचदा हे असतं. गांधी डॉक्टरसमोर जाईपर्यंत मावळतात, म्हणून फोटो.

तिसरी पायरी : डॉक्टर आणि टेस्ट

फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा. पुढे लक्षणांप्रमाणे वाट फुटते. त्वचेवर असेल तर स्किन, नाक-शिंकांसाठी ईएनटी, दम-खोकल्यासाठी छातीचे डॉक्टर, मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ. ॲलर्जीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टरही मुंबईत आहेत. खासगी परवडत नसेल तर पालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर आणि सरकारी जे. जे. ही रुग्णालयं आहेत, मुलांसाठी परळचं वाडिया आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, जुने कागद आणि वही सोबत न्या, आणि टेस्ट कुठल्या वारी होते ते पहिल्याच खेपेला विचारून घ्या, म्हणजे एक हेलपाटा वाचतो.

टेस्ट मुख्यतः दोन. स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर अर्काचे थेंब ठेवून बारीक टोचतात आणि १५ ते २० मिनिटांत गाठ उठते का ते मोजतात. दुखत नाही म्हटलं तरी चालेल. मात्र त्याआधी सेट्रिझिनसारख्या गोळ्या पाच ते सात दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. सर्दीच्या गोळ्यांतही ही औषधं असतात, हे लक्षात राहत नाही. दुसरी रक्ताची, एकेका पदार्थाचं स्पेसिफिक आयजीई मोजणारी. ती गोळ्या चालू असतानाही करता येते.

टेस्ट पॉझिटिव्ह येणं म्हणजे ॲलर्जी असणं नव्हे. शरीरात अँटीबॉडी आहेत, एवढंच त्यातून कळतं. जो पदार्थ तुम्ही वर्षानुवर्षं आरामात खाताय तो रिपोर्टमध्ये लाल आला म्हणून सोडायचं कारण नाही. म्हणूनच 'एकाच रक्तात शेकडो पदार्थ' असल्या पॅकेजांवर माझा राग आहे. माझ्या एका मावसबहिणीच्या हातात असा रिपोर्ट आला होता, ज्यात भातापासून भेंडीपर्यंत सगळंच थोडं थोडं वर्ज्य होतं. तिने महिनाभर काय खाल्लं असेल, कल्पना करा. आयजीजी या दुसऱ्याच अँटीबॉडीच्या टेस्ट तर आणखी निरुपयोगी. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता, इतकंच. नुसतं एकूण आयजीई जास्त असण्यालाही फार अर्थ नाही, ते पोटातल्या जंतांनीही वाढतं.

शंका उरलीच तर शेवटचा शब्द असतो तो फूड चॅलेंजचा. म्हणजे रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, तो पदार्थ चिमूटभरापासून वाढवत खाऊन बघणं. ज्याला कधी दम लागलाय किंवा घसा सुजलाय त्याने हा प्रयोग घरी चुकूनही करू नये.

चौथी पायरी : स्वयंपाकघर

नेमका पदार्थ कळला की पथ्य सोपं होतं, पण बारकाईचं होतं. आपल्या स्वयंपाकात कोण कुठे लपलंय ते बघू.

कोळंबी. मुंबईत मोठ्या माणसांना होणाऱ्या ॲलर्जीत हिचं नाव हमखास निघतं. दोषी प्रथिन ट्रोपोमायोसिन, ते शिजवून नष्ट होत नाही. कोळंबीबरोबर खेकडा, शेवंड, करंदी, जवळा, सोडे हे सगळं गेलं. जवळा आणि सोडे वेगळे लिहितेय कारण ते 'सुकं' म्हणून वेगळ्या बरणीत राहतात आणि नजरेतून सुटतात. तिसऱ्या, कालवं, माकूल ही वेगळी जात. काहींना ती चालतात, काहींना नाही, डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पण पापलेट, सुरमई, बोंबील हे मासे कोळंबीच्या ॲलर्जीमुळे सोडायची गरज नसते, कारण माशातलं ॲलर्जीचं मुख्य प्रथिन वेगळं असतं, पार्व्हाल्ब्युमिन. फक्त तवा आणि तेल वेगळं हवं. बाजारातही एकाच पाटावर, एकाच कोयतीने सगळं साफ होतं, तेव्हा मासळी घरी आणून पुन्हा नीट धुवा. कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही काही जणांना शिंका आणि दम सुरू होतो. अशांनी त्या वेळी स्वयंपाकघरात न थांबलेलं बरं.

शेंगदाणा. इथे मराठी माणसाची खरी परीक्षा. दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, पालेभाजीत, साबुदाण्याच्या खिचडीत. पोह्यांत दाणे, चिवड्यात दाणे, अळूच्या भाजीतही दाणे. उपासाचं ताट तर जवळजवळ पूर्णच दाण्यावर उभं असतं. राजगिरा, वरी, रताळं, ओलं खोबरं यांवर उपास निभावतो, पण वरीबरोबर दाण्याची आमटी येते, ती नको. संक्रांतीला तिळगुळाच्या वडीत कूट असतंच असं धरून चाला. तेलाचं म्हणाल तर रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात उरतं. हल्ली घाण्याचं तेल आरोग्याला चांगलं म्हणून घरोघरी आलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं. शेंगदाणा ही शेंग आहे, त्यामुळे काजू-बदाम आपोआप बंद होत नाहीत. ते वेगळे तपासून घ्यायचे.

दूध. गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर म्हशीचं आणि शेळीचंही चालत नाही, प्रथिनं फारच सारखी. 'बाळाला शेळीचं दूध द्या' हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि घात करतो. उकळल्यानेही फरक पडत नाही. पंचामृत, पेढा, बासुंदी उघड दिसतात. बिस्किटं, ब्रेड, खारी यांत दूध पावडर किंवा लोणी असू शकतं, तुपातही दुधाचा अंश राहतो. मुलाचं दूध बंद केलं की कॅल्शियम आणि प्रथिनांची सोय आधी लावा. नाचणी, तीळ, डाळी, मासे, अंडी यांतून बरंचसं भरून निघतं, पण वाढत्या मुलाचं वजन-उंची डॉक्टरांकडून तपासत राहा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर स्वतःच्या मनाने काहीच नको.

गहू. पोळी दिसते, बाकीचं दिसत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे वरणाच्या फोडणीतूनही गहू जातो. डबी उलटून घटक वाचा. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो, तळलेल्या बोंबलाच्या वरचा रवा गव्हाचा, चायनीजमधला सोया सॉसही बहुधा गव्हाचा. गव्हाची ॲलर्जी आणि सिलिॲक रोग (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिॲकचा संशय असेल तर टेस्ट होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर टेस्टमध्ये काही दिसणार नाही.

अंड्याचं थोडक्यात : केक, मेयोनीज, काही कटलेट. काही मुलांना केकमध्ये भाजलेलं अंडं चालतं पण उकडलेलं नाही, मात्र हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच करून बघायचं. आणि अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवराची लस टाळू नका. ती देता येते.

पाकिटावर काय बघायचं? एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ग्लुटेनयुक्त धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा आणि काजू-बदामासारखे सुके मेवे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट हे घटक असतील तर तसं वेगळं छापावं लागतं. तीळ, मोहरी, हरभरा त्या यादीत नाहीत. शिवाय नुसतं 'मसाले' एवढंच लिहिलेलं असलं की आत काय आहे ते कळत नाही. हिरवा ठिपका दिसला की अंडं नाही, एवढं कळतं, पण दूध असू शकतं. अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण. कंपनीने घटक बदलला तरी पाकिटाचा रंग तोच राहतो, म्हणून नेहमीच्या बिस्किटाचंही लेबल दर खरेदीला वाचायचं.

बाहेर खाताना

'यात काही ॲलर्जीचं नाही ना?' असं विचारू नका. गाडीवाला मनापासून 'नाही, काहीच नाही' म्हणेल. नेमकं विचारा : 'दादा, सुक्या चटणीत शेंगदाणे आहेत का?' 'कोळंबी ह्याच तेलात तळता का?' वडापावच्या लाल चटणीत दाणे असू शकतात, आणि कढईतल्या तेलात दिवसभर काय काय तळलं गेलं ते गाडीवालाच जाणे. मालवणी खानावळीत एकाच तव्यावर सुरमई आणि कोळंबी लागोपाठ पडतात. कोळंबीची ॲलर्जी असेल तर तिथे फ्रायऐवजी वेगळ्या भांड्यातली माशाची कढी मागितलेली बरी. चायनीजच्या गाडीवर एकच कढई फिरते आणि ऑयस्टर सॉस बिनबोलता पडतो. गर्दीच्या वेळी कुणालाच उत्तर द्यायला फुरसत नसते, तेव्हा आधी किंवा नंतर जा. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना ॲलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते, ती मागायला लाजू नका.

प्रसाद आणि हळदीकुंकू हे जास्त अवघड. 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणत काकू हातावर ठेवतातच. 'डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय' हे वाक्य सगळ्यात चालतं, त्यावर फारसं कुणी बोलत नाही. तरी आग्रह झाला तर प्रसाद हातात घ्या, नमस्कार करा आणि रुमालात बांधून घरी न्या.

पाचवी पायरी : औषधं

सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या हल्लीच्या गोळ्या. खाज, शिंका, गांधी यांवर चांगल्या. जुनी एव्हिल झोप आणते. ती घेऊन बाइक चालवणं किंवा लोकलच्या दारात उभं राहणं नको. सेट्रिझिननेही काहींना गुंगी येते, पहिल्यांदा रात्री घेऊन बघा.

नाक सतत वाहत किंवा बंद असेल तर स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे गोळीपेक्षा जास्त कामाचा. नाव ऐकून घाबरू नका, तो शरीरात फारच थोडा जातो. पण रोज घ्यावा लागतो आणि पूर्ण परिणामाला दोनेक आठवडे जातात. बहुतेक लोक चार दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडतात. घेताना मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, नळीचं तोंड बाहेर कानाकडे, आणि जोरात ओढायचं नाही. ओढला की तो घशात जातो. नाक झटकन मोकळं करणारे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांवर घेतले की बंद केल्यावर नाक आणखी चोंदतं आणि सवय लागते. नेती करत असाल तर पाणी उकळून गार केलेलं हवं.

ॲलर्जीच्या गोळीसोबत मॉन्टेलुकास्ट हे औषध असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये मॉन्टेलुकास्टवर मनःस्थितीतले बदल, वाईट स्वप्नं, नैराश्य यांबद्दल ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा ती सुरू केल्यावर मूल चिडचिडं झालं, झोपेतून दचकायला लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि ज्यावर नाव नाही अशा पुडीतल्या औषधाने 'जादूसारखा' गुण येत असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या.

सहावी पायरी : जिवावरचा प्रसंग

त्वचेबरोबर श्वास, रक्तदाब किंवा पोट, असं दोन ठिकाणी एकदम बिघडलं, किंवा ज्ञात ॲलर्जीचा पदार्थ खाल्ल्यावर नुसता दम लागला किंवा चक्कर आली, तर त्याला ॲनाफिलॅक्सिस समजायचं. इथे औषध एकच, ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सेट्रिझिनने खाज थांबते, पण सुजलेला घसा उघडत नाही. गोळी देऊन वाट बघण्यात गेलेली मिनिटं महाग पडतात.

परदेशात मिळणारं पेनासारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. साधी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची छोटी कुपी, मात्र स्वस्त असते : १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. मात्रा वजनाप्रमाणे, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५. धोका असलेल्यांनी डॉक्टरांकडून ती लिहून घ्यावी, किती मिलिलिटर ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावं आणि अँप्यूल फोडून सिरिंज भरायचा सराव डॉक्टरांसमोरच करावा. अँप्यूल, दोन सिरिंज आणि तो कागद एका कडक डबीत ठेवा. बंद गाडीत किंवा उन्हात नको. औषध तपकिरी दिसलं किंवा तारीख गेली की बदला.

इंजेक्शन दिल्यावर माणसाला आडवं करून पाय उंच. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस. १०८ ला फोन करा, ती सेवा मोफत आहे. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मोठं रुग्णालय चार-पाच मिनिटांवर असेल आणि सोबत कुणी असेल, तर मागच्या सीटवर आडवं करून टॅक्सीने नेणंही शहाणपणाचं. लोकलमध्ये झालं तर पुढच्याच स्टेशनावर उतरा, स्टेशन मास्तरांना किंवा पोलिसांना गाठा. बरं वाटलं तरी रुग्णालयात काही तास थांबायचं, कारण लक्षणं पुन्हा उलटू शकतात.

घरातली हवा

पथ्य पाळूनही शिंका आणि दम चालू असेल तर बिछान्याकडे बघा. धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, हवेत निम्म्याहून जास्त आर्द्रता असली की वाढतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. त्यांच्यातही ट्रोपोमायोसिन असतं, झुरळातही. म्हणून कोळंबीची टेस्ट पॉझिटिव्ह येणाऱ्यांपैकी काही जणांना प्रत्यक्षात कोळंबी चालते, भानगड धुळीची असते. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, ऊन पडेल त्या दिवशी गादी गॅलरीत टाका, जाड पडदे आणि गालिचे काढा, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. भिंतीला ओल आणि काळी बुरशी असेल तर रंग मारून भागत नाही, आधी गळती थांबवा. झुरळांना फवाऱ्यापेक्षा जेल बरं. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल दम्याच्या माणसापासून लांब.

कबुतरांचं प्रकरण निराळं. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून झालेला वाद सगळ्यांच्या लक्षात असेल. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ महिनोन्महिने श्वासातून गेली की काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे ती कडक होत जातात. सेट्रिझिनने यात काही होत नाही. कोरडा खोकला आणि जिना चढताना वाढता दम असेल तर छातीच्या डॉक्टरांना 'खिडकीत कबुतरं बसतात' हे आपणहून सांगा. ग्रिलला जाळी लावा, विष्ठा ओली करून, मास्क लावून काढा.

धुळीच्या ॲलर्जीला इम्युनोथेरपीचा पर्याय आहे. तोच घटक अत्यल्प मात्रेपासून वाढवत, इंजेक्शनने किंवा जिभेखालच्या थेंबांनी, तीन ते पाच वर्षं द्यायचा. गुण येतो, पण चिकाटी लागते, आणि टेस्ट व लक्षणं जुळत असतील तरच सुरू करायची.

मुलं आणि फेरतपासणी

धोका टाळायचा म्हणून बाळाला अंडं-शेंगदाणा उशिरा द्यायचा, हा जुना सल्ला आता उलटला आहे. लंडनमधल्या लीप अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा खाऊ घातल्यावर पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी जवळपास ८० टक्क्यांनी कमी दिसली. वरचं अन्न सुरू झाल्यावर, सहाव्या महिन्याच्या आसपास, बारीक कूट पातळ करून द्यायचं. अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. बाळाला मोठा एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजणं) असेल किंवा आधी कशाची ॲलर्जी निघाली असेल तर आधी डॉक्टर.

शाळेत वर्गशिक्षकांना आणि डबा वाटून खाणाऱ्या मित्रांच्या आयांना लेखी सांगा. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बरीच मुलं मोठी होताना सोडून देतात. शेंगदाण्याची थोडीच, कोळंबीची क्वचित. म्हणून दूध-अंड्यासाठी दर वर्षी-दीड वर्षाने डॉक्टरांना फेरतपासणीचं विचारा आणि चॅलेंजची तारीख घ्या. त्या दिवशी मूल ठणठणीत हवं, सर्दी-तापात ती पुढे ढकलतात. गोळ्या आठवडाभर आधी बंद, न्याहारी हलकी, पदार्थ घरून आणायचा की तिथे मिळतो ते फोन करून विचारलेलं, आणि अख्खा दिवस मोकळा ठेवलेला. शेवटच्या घासानंतरही दोन-तीन तास तिथेच बसवून ठेवतात.